कुंपण तेवढंच, जमीन मात्र वेगळी

श्रोते हो, नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याचा रस्ता एकमेकांना मिळतात. अशा मोठ्या रस्त्यालगतची जमीन वाटायची म्हटली, की प्रत्येकाला रस्त्याकडे तोंड हवं असतं. मग जमिनीचे लांबट, चिंचोळे पट्टे पडतात. अशा वेळी कोणी म्हणालं, "चारी बाजू मोजून पाहा, दोघांच्याही सारख्याच भरतात," तर वाटणी सारखी झाली असं समजायचं का?

हिशेब करून पाहू. 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा, 1089 चौरस फूट. तिच्याभोवती एक पदर तार फिरवायची तर 132 फूट लागेल. आता 55 फूट लांब आणि 11 फूट रुंद पट्टा घ्या. त्यालाही तार 132 फूटच. पण आतली जमीन भरते अवघी 605 चौरस फूट. तार सारखी, आणि एकाच्या पदरात 484 चौरस फूट कमी!

शिक्षक बंधुभगिनींनो, परिमिती आणि क्षेत्रफळ यांची सूत्रं मुलं पाठ करतात; पण हा फरक हाताखालून गेल्याशिवाय मनात ठसत नाही. त्याला 24 फूट सुतळी पुरे. दर फुटाला खूण करा, दोन्ही टोकं एकत्र बांधा आणि चार मुलांना चार कोपरे धरायला सांगा. आधी 11 फूट लांब, 1 फूट रुंद आयत करावा. मग 10 नि 2, 9 नि 3, 8 नि 4, 7 नि 5 आणि शेवटी 6 नि 6. दर वेळी आत खडूने एकेक फुटाचे चौकोन आखून मुलांनीच मोजावेत. 11, 20, 27, 32, 35, 36 असे आकडे येतील. मोजण्याआधी मात्र विचारा, "सुतळी तीच, मग चौकोनही तेवढेच ना?" पुष्कळ मुलं 'हो' म्हणतील. म्हणू द्या. चूक त्यांची त्यांनाच सापडावी.

असं का होतं? 6 नि 6 च्या चौरसाची रुंदी एक फूट घटवली, की 6 चौकोनांची ओळ जाते. लांबी एक फूट वाढवली, की नवी ओळ येते ती 5 चौकोनांचीच. पुढच्या पायरीला 7 जातात नि 4 येतात. आकार चिंचोळा होत जातो, तसा तोटा वाढतो.

कोपरे काटकोनातच हवेत. वहीचा कोपरा लावून पाहावा. मुलं तिरपी सरकली, तर बाजू तेवढ्याच राहून क्षेत्रफळ आणखी घटतं. भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास रचलेल्या 'लीलावती'त हेच बजावलं आहे: चौकोनाच्या नुसत्या बाजू सांगून क्षेत्रफळ ठरत नाही, कर्ण किंवा लंबही सांगावा लागतो.

शेतकरी बंधूंनो, याची उलट बाजूही ध्यानात ठेवा. 99 फूट लांब, 11 फूट रुंद पट्टा हाही गुंठाच. पण त्याला तार लागते 220 फूट, चौरस गुंठ्यापेक्षा 88 फूट जास्त. तेव्हा जमीन घेताना किंवा वाटताना नुसता घेर मोजू नका. लांबी-रुंदीचा गुणाकार करा. आणि संध्याकाळी पोर सुतळी मागायला आलं, तर नाही म्हणू नका. बांधावर टेप धरायची वेळ पुढे त्याच्यावरही येणार आहे.