मळीतला वायू आणि संत्र्याचा रंग



आंबिया बहाराचे फळ रसाला येते, पण साल हिरवीच राहते. व्यापारी भाव पाडतो, आणि मग कुणीतरी कार्बाईडच्या पुड्या आणून देतो. काटोल भागात ऊस लावणाऱ्याची संत्र्याची बागही असतेच. म्हणून या खेपेस आम्ही उसाच्या मळीतून निघू शकणाऱ्या इथिलीन वायूबद्दल लिहीत आहोत. रसायनशास्त्रात याच्या कुळाला अल्कीन म्हणतात.

एक टन मळीपासून साधारण २०० ते २५० लिटर अल्कोहोल निघते. अल्कोहोलच्या रेणूतूनच पाणी काढून घेतले की उरते ते इथिलीन. हिशेब सरळ आहे : ४६ किलो अल्कोहोलपासून २८ किलो इथिलीन व १८ किलो पाणी. प्रयोगशाळेत हे काम तीव्र गंधकाम्ल १७० अंशांवर करते. उष्णता १४० अंशांवरच ठेवली तर मात्र ईथर तयार होते. तीस अंशांनी माल बदलतो! चाशनी पाहून कढई उतरवणाऱ्या गुळव्याला हे वेगळे सांगायला नको. कारखान्यात अल्कोहोलची वाफ तापलेल्या अॅल्युमिनावरून नेतात. ब्राझीलमध्ये २०१० पासून उसाच्या अल्कोहोलचे इथिलीन करून त्याचे पॉलिथिन बनवतात. फळे पिकवण्याच्या खोलीतले छोटे यंत्रही याच तत्त्वावर चालते.

इथिलीनला हायड्रोक्लोरिक आम्ल जोडले की इथिल क्लोराईड होते. हे अल्किल हॅलाइडचे कूळ. उलट, अशा हॅलाइडमधून क्लोरीन निघून गेला की पुन्हा अल्कीन मिळू शकते. इथेफॉन औषधाची करामत हीच. त्याच्या रेणूत क्लोरीन असतो. आम्लात ते शांत राहते, झाडाच्या रसात आम्लता कमी भेटली की फुटते आणि इथिलीन सोडते. म्हणून ते चुन्यात किंवा बोर्डो मिश्रणात कालवू नका. वायू ड्रममध्येच उडून जाईल आणि पैसे पाण्यात जातील.

आता कार्बाईडचे. त्यातून इथिलीन निघत नाही, अॅसिटिलीन निघतो, आणि सोबत आर्सेनिक व फॉस्फरसचे विषारी अंश येतात. फळे पिकवायला त्याचा वापर कायद्याने बंद आहे. इथिलीन वायूला दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत परवानगी आहे. संत्र्याला तर त्याहून पुष्कळ कमी पुरतो.

मात्र एक ध्यानात ठेवा. आंबा-केळी तोडल्यावर पिकतात, संत्रा पिकत नाही. इथिलीन सालीचा हिरवेपणा घालवते, गोडी वाढवत नाही. आंबट फळ रंगवले तर गिऱ्हाईक एकदाच फसते, पण नाव साऱ्या काटोलच्या संत्र्याचे जाते. तेव्हा आधी फळ चाखा, मगच तोडा, आणि कार्बाईडची पुडी बागेच्या धुऱ्याच्या आत येऊ देऊ नका, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.