जुनी टू-स्ट्रोक घेताना रंग नको, इंजिन पाहा

सह्याद्रीतील कच्च्या वाटा असोत वा शर्यतीचा मातीचा ट्रॅक, दुचाकीची हौस असलेल्या तरुणांची नजर आजही जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांवर खिळलेली असते. यामाहाची आरएक्स १०० भारतात १९८५ मध्ये आली आणि १९९६ मध्ये तिचे उत्पादन थांबले. म्हणजे या मॉडेलची सर्वांत अलीकडची गाडीही आता सुमारे तीस वर्षांची आहे. ९८ सीसीचे इंजिन, ११ अश्वशक्ती आणि शंभर किलोच्या आसपास वजन या बळावर तिने नव्वदच्या दशकात सुझुकी शोगनच्या जोडीने डर्ट ट्रॅक गाजवला. मात्र चकाकणारी टाकी पाहून सौदा करणाऱ्याची फसगत होण्याचीच शक्यता अधिक.

आधी वापर ठरवा

शर्यतीसाठी पोर्ट मोठे केलेले इंजिन वरच्या फेऱ्यांतच जोर दाखवते. दगडधोंड्यांच्या चढावर, जिथे सावकाश पण सलग ओढ हवी असते, तिथे तेच इंजिन गुदमरते. त्यामुळे पायवाटांवर भटकंती करणाऱ्याने मूळ स्थितीतील गाडी शोधावी. यामाहा वायझेड १२५ सारखी आयात केलेली गाडी तर केवळ स्पर्धेसाठीच बनलेली असते. तिला दिवे-इंडिकेटर नसतात आणि रस्त्यासाठी तिची नोंदणी होत नाही. ती टेम्पोत घालून ट्रॅकवर न्यावी लागते, हा खर्चही हिशेबात धरावा.

इंजिन का जाम होते?

टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर जाणारे तेलच पिस्टन आणि क्रँकला वंगण पुरवते. आरएक्समध्ये त्यासाठी स्वतंत्र तेलपंप असतो. शर्यतीच्या गाड्यांत तो अनेकदा काढून टाकलेला असतो आणि तेल थेट पेट्रोलमध्ये मिसळावे लागते. ३० भाग पेट्रोलला एक भाग तेल असे प्रमाण असल्यास लिटरमागे सुमारे ३३ मिलिलिटर तेल लागते. अशी गाडी ॲक्सिलरेटर बंद ठेवून लांब घाट उतरली, तर पेट्रोलबरोबर तेलही आटते. तापलेला पिस्टन सिलिंडरमध्ये अडकतो, मागचे चाक क्षणात जाम होते आणि चालक फेकला जातो. म्हणूनच पंप आहे की काढला आहे, हा विक्रेत्याला विचारायचा पहिला प्रश्न.

थंड इंजिनाची परीक्षा

गाडी पाहायला गेल्यावर इंजिनाला हात लावून पाहावा. ते आधीच गरम असेल तर थंड असताना ते सुरू होण्यात अडचण असावी, अशी शंका घ्यावी. चावी बंद ठेवून किक हाताने हळूहळू दाबावी. ठाम विरोध जाणवला नाही, तर रिंग वा बोअर झिजलेले आहे. सायलेन्सर उतरवून एक्झॉस्टच्या छिद्रातून बॅटरीच्या उजेडात पिस्टन पाहता येतो. त्यावर उभे ओरखडे दिसले, तर इंजिन पूर्वी एकदा तरी जाम झालेले असण्याची शक्यता मोठी.

सुरुवातीचा निळसर धूर स्वाभाविक आहे. पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि गिअर ऑइलची पातळी घटत असेल, तर क्लचच्या बाजूचे क्रँक सील गेलेले असते. मॅग्नेटोच्या बाजूचे सील फाटल्यास बाहेरची हवा आत शिरते, पेट्रोलचे प्रमाण कमी पडते आणि इंजिन भलतेच तापते. ॲक्सिलरेटर सोडल्यावरही इंजिनाच्या फेऱ्या लवकर खाली न येणे, ही त्याची खूण. मॅग्नेटोचे झाकण काढून चाक वर-खाली हलवावे. खेळ जाणवला तर क्रँकचे बेअरिंग संपले आहे.

आरएक्सचा सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवता येतो. मूळ माप ५० मिलिमीटर असते. आता कोणते माप आहे, हे विचारून घ्यावे. शेवटचे माप गाठले असेल तर पुढच्या वेळी नवा लायनर अटळ. वायझेडच्या सिलिंडरला आतून निकेलचा कठीण थर असतो. तो खरवडला गेल्यास नुसते बोअर करून भागत नाही, थर नव्याने चढवावा लागतो किंवा सिलिंडर बदलावा लागतो. एअर फिल्टरही उघडून पाहावा. फिल्टरच्या आतल्या बाजूला धूळ असेल, तर ती इंजिनात गेलेली आहे हे निश्चित.

कागदपत्रे आणि वाट

आरसी बुकावरील इंजिन व चासी क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी स्वतः ताडून पाहावेत. खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर आरटीओत तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. महाराष्ट्रात अशा गाड्यांना पर्यावरण करही आहे. नोंदणी संपलेली गाडी स्वस्त दिसते, पण ती थकबाकी नव्या मालकाच्या माथी येते. अभयारण्याच्या हद्दीत विनापरवाना गाडी नेणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, याचेही भान हवे.

सौदा ठरवण्यापूर्वी पिस्टन, रिंग, दोन्ही सील, क्रँकचे बेअरिंग आणि मजुरी यांचा अंदाज ओळखीच्या मेकॅनिककडून घ्यावा आणि तो मागितलेल्या किमतीत मिळवावा. ही बेरीज परवडत असेल, तरच गाडी परवडते. इंजिन उघडून पाहण्यास विक्रेता नकार देत असेल, तर दुसरी गाडी शोधणे शहाणपणाचे.