गॅस संपत नाही, गळतो

हिंगणघाटात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. दुपारी नागपूर-हैदराबाद महामार्गावर गाडी काढायची तर एसी हवाच. घरातल्या जुन्या मारुती ८०० चा कंपनीतून आलेला एसी गार हवा देईनासा झाला, की सल्ला ठरलेला असतो : ‘गॅस संपलाय, भरून घ्या.’ जुन्या गाड्यांचं सर्वाधिक नुकसान या सल्ल्यानं केलं आहे. एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, कंडेन्सरमध्ये उष्णता टाकून तो द्रवरूप होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून सुटताच कूलिंग कॉईलमध्ये उकळतो, गाडीतली उष्णता शोषतो आणि पुन्हा कॉम्प्रेसरकडे जातो. तो कमी झाला, म्हणजे कुठूनतरी गळला. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीनं १९३९ मध्ये कारखान्यातूनच एसी बसवलेली मोटार दाखवली. तिची कॉईल डिकीतली बरीच जागा खाई आणि एसी बंद करायला इंजिन थांबवून पट्टा काढावा लागे. आपल्याकडे कुर्ल्यात बनणाऱ्या पद्मिनीला बहुधा नंतर, डॅशबोर्डखाली एसी लटकवला जाई. १४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० रस्त्यावर आली, पाठोपाठ कॉन्टेसा आणि प्रीमियर ११८ एनई आल्या, तेव्हा कंपनीचा एसी मध्यमवर्गाच्या नजरेच्या टप्प्यात आला. ८०० चं इंजिन जेमतेम ७९६ सीसीचं. ओव्हरटेक करताना चालकाचा हात आपसूक एसीच्या बटणाकडे जाई.

त्या काळच्या गाड्यांत आर-१२ गॅस असे. क्लोरिनयुक्त असे वायू ओझोनचा थर कुरतडतात, हे मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्ये मांडलं. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला आणि २०१० पर्यंत आपल्याकडचं आर-१२ चं उत्पादन थांबलं. जुन्या यंत्रणेत उरलेला हा गॅस नट ढिला करून हवेत सोडणं मला अक्षम्य वाटतं. पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा दहा हजारपटींहून जास्त प्रभावी आहे. रिकव्हरी मशिननं तो सिलिंडरमध्ये काढून घ्यावा.

त्याच्या जागी आर-१३४ए येतो, पण नुसता गॅस बदलून भागत नाही. जुनं खनिज तेल या गॅसबरोबर वाहत नाही. ते कॉईलमध्ये साचतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो. म्हणून नळ्या धुऊन एस्टर तेल घालावं लागतं. ओ-रिंगा आणि ड्रायर बदलायचेच. जुन्या रबरी नळ्यांतून नवा गॅस झिरपतो, तेव्हा मूळची धातूची टोकं ठेवून त्यांवर नव्या जातीची नळी दाबून बसवावी. बॉनेट उघडल्यावर गाडी तशीच दिसते, आणि जुन्या गाडीत ते दिसणं मोलाचं आहे. मग नायट्रोजन भरून, साबणाच्या फेसानं एकेक सांधा तपासायचा.

यानंतर व्हॅक्युम, आणि घाई इथेच नडते. हवेचा दाब नेहमीच्या सुमारे चार टक्क्यांवर आणला, की पाणी ३० अंशांतच उकळतं. त्यामुळे नळ्यांतली ओल वाफ होऊन पंपातून निघून जाते. राहिलेली ओल व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठते, तेलाशी मिळून आम्ल बनवते. पंप निदान अर्धा-पाऊण तास चालू द्यावा, बंद केल्यावर काटा हलतो का ते पाहावं. नवा गॅस जुन्याच्या ८० ते ९० टक्के वजनाचाच, काट्यावर तोलून भरावा. पैसे वाचवायला घरगुती सिलिंडरमधला गॅस मुळीच भरू नये. कॉईल बसणाऱ्यांच्या पायांजवळ असते आणि तो गॅस पेट घेतो.

कडक उन्हात, गाडी उभी असताना आर-१३४ए चा दाब आर-१२ पेक्षा जास्त चढतो. इथे सगळी मदार कंडेन्सरवरून वाहणाऱ्या हवेवर. आपलं गाव कापसाचं. दिवाळीच्या सुमारास जिनिंग सुरू झाली, की रुईचे तंतू आणि धूळ कंडेन्सरच्या पत्र्यांत बसतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. आतल्या बाजूनं बाहेर, हलक्या पाण्यानं ते धुवावेत. जोराच्या फवाऱ्यानं पत्रे वाकतात. तेवढ्यानं न भागल्यास पुढे जादा पंखा लावावा. जुन्याच खुंट्यांवर बसणारा नव्या पद्धतीचा कंडेन्सर मिळाला, तर मी तो खुशाल बसवेन.

केंद्राच्या २०२१ च्या नियमांत व्हिंटेज दर्जा मिळायला गाडी पन्नास वर्षांहून जुनी लागते. पहिल्या ८०० ला अजून वेळ आहे, आणि तिचे मूळ सुटे भाग आताच दुर्मिळ होत चालले आहेत. काढलेला जुना कॉम्प्रेसर भंगारात देऊ नका. बॉनेटखाली एक पट्टी चिकटवा : कोणता गॅस, किती ग्रॅम, कोणतं तेल, कोणत्या तारखेला. आणि थंडीतही दर आठवड्याला दहा मिनिटं एसी चालवा. कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील तेलानं ओलं राहतं. कोरडं पडलं, की गळती तिथूनच सुरू होते.