पाकट अंडी घालत नाही, पिल्ले देतो! किनाऱ्यावरच्या ठिपकेदार गरुड पाकटाची ओळख

रत्नागिरी, हर्णै, श्रीवर्धनकडच्या घरांत पाकट (काही ठिकाणी पाखट म्हणतात) माहीत नाही असे कोणी सापडणार नाही. पण पाकट एकाच जातीचा नसतो. त्यातला सर्वात देखणा म्हणजे ठिपकेदार गरुड पाकट. काळसर पाठीवर पांढरे ठिपके, पोट पांढरे आणि पंखांसारखे दोन टोकदार पर. तो पोहतो तेव्हा पाण्यात पक्षी उडाल्यासारखा भास होतो.

त्याचे शास्त्रीय नाव एटोबॅटस ऑसेलेटस. जुन्या पुस्तकांत त्याला एटोबॅटस नारीनारी म्हटलेले आढळेल. 2010 च्या सुमारास शास्त्रज्ञांनी अटलांटिक महासागरातली जात आणि आपल्याकडची जात वेगळी धरली. आपली जात हिंदी महासागरापासून पश्चिम पॅसिफिकपर्यंत राहते. पंखांची रुंदी तीन मीटरपर्यंत जाऊ शकते.

शिंपल्या फोडणारे दात

हा मासा शार्कचा नातेवाईक. अंगात हाडे नाहीत, सगळा सांगाडा कूर्चेचा, म्हणजे आपल्या कानात असते तशा लवचिक पदार्थाचा. तोंड खालच्या बाजूला आणि पुढे बदकाच्या चोचीसारखे चपटे नाक. या नाकाने तो तळाची वाळू उकरतो आणि शिंपल्या, कालवे, गोगलगायी, खेकडे शोधतो. दात सुटे नसतात, एकामागे एक जुळून त्यांची पाटी झालेली असते. त्या पाटीत सापडलेली शिंपली अडकित्त्यात सुपारी फुटावी तशी फुटते. कवचाचे तुकडे थुंकून तो फक्त मांस गिळतो.

इतर अनेक पाकट वाळूत अंग पुरून बसतात. हा मात्र बराच वेळ पोहत असतो. कधी एकटा, कधी थव्याने. अनेकदा पाण्याबाहेर उंच उडीही मारतो. ती का मारतो, यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही.

काट्यापासून खबरदारी

शेपटी चाबकासारखी लांब असते. पण विषारी काटे शेपटीच्या टोकाला नसतात, तर बुडाशी, अंगाजवळ असतात. काट्यांना करवतीसारखे दाते असतात. हा मासा स्वतःहून माणसावर येत नाही, जाळ्यातून सोडवताना इजा होते. हातापायाला काटा लागला तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावी, वेदना कमी होतात. त्यानंतर डॉक्टरांकडे जायलाच हवे. काटा छातीत, पोटात किंवा मानेत रुतला असेल तर तो ओढून काढू नये, तसेच दवाखान्यात न्यावे.

खरी काळजी इथे आहे

बांगडा किंवा तारली हजारो अंडी घालतात. पाकटाचे तसे नाही. अंडी मादीच्या पोटातच फुटतात. पिल्ले आधी अंड्यातल्या बलकावर आणि नंतर गर्भाशयात पाझरणाऱ्या दुधासारख्या रसावर वाढतात. बरेच महिने पोटात राहून शेवटी जन्मतात ती मोजकीच पिल्ले. ती वयात यायलाही काही वर्षे जातात. म्हणजे एक मादी गेली, तर तिची जागा भरायला फार काळ लागतो.

त्यातच, जाळ्यात सापडलेली गाभण मादी घाबरून अवेळीच पिल्ले टाकते. होडीच्या फळ्यांवर पडलेली ही अर्धवट वाढलेली पिल्ले बहुधा जगत नाहीत. ट्रॉल आणि मोठ्या गळजाळ्यांत असे पाकट सतत सापडतात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने, म्हणजे आययूसीएनने, या जातीला धोक्यातल्या जातींत धरले आहे.

मासेमारी हा आपल्या कितीतरी घरांचा रोजगार आहे. ती बंद करा असे कोणी म्हणत नाही. पण पोट फुगलेली मादी किंवा लहान पाकट जिवंत सापडला, तर त्याला पाण्यात परत सोडता येते. कल्ल्यांत किंवा डोळ्यांमागच्या भोकांत बोटे घालून, किंवा शेपटीला धरून उचलू नका. काट्यापासून दूर राहून दोघांनी दोन्ही बाजूंनी धरावे आणि लवकर सोडावे. जाळे फाडून काही घास गेला असे वाटेल, पण सोडलेली एक मादी पुढच्या हंगामांची बेगमी आहे. घरात कोणी होडीवर जात असेल, तर मुलांनी ही गोष्ट आज जेवताना त्यांना जरूर सांगावी.