विजेचा हिसाब : घरापासून डीपीपर्यंत

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी विजेचे बिल आले ६,४८० रुपयांचे. दोन पंखे, एक फ्रिज, एक कूलर आणि आठवड्यातून दोनदा चालणारी घरघंटी, एवढाच आमचा पसारा. अम्मींनी बिल उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाल्या, "बेटा, हे शेजारच्यांचे तर नाही ना?" नाव आमचेच होते. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. आम्ही शाळेत, मुले कॉलेजात, अम्मी आमच्या बहिणीकडे; रीडिंग घेणारा मुलगा तीन महिने कुलूप पाहून परत गेला होता. तीन महिने सरासरीचे बिल आले, आम्हीही खुशीत भरले. चौथ्या महिन्यात खरे रीडिंग मिळाले आणि मागचे सारे युनिट एकाच महिन्यात, वरच्या टप्प्याच्या दराने अंगावर आले. एक अर्ज, दोन चकरा आणि अर्ध्या दिवसाची रजा, एवढे झाल्यावर युनिट चार महिन्यांत विभागले गेले व १,९०० रुपये कमी झाले.

यात त्या मुलाचा दोष नव्हता. दोष होता महिन्यातून एकदाच, तेही दार उघडे असेल तर, बोलणाऱ्या मीटरचा. स्मार्ट मीटर आणि त्यामागचे स्मार्ट ग्रीड याविषयी मोहल्ल्यात उलटसुलट बोलले जाते, म्हणून हा विषय जरा बैजवार पाहू या.

वीज हा मोठा चमत्कारिक माल आहे. धान्यासारखा तो कणगीत भरून ठेवता येत नाही; बॅटरीत साठवायचा तर महाग पडतो. ज्या क्षणी आपण बटण दाबतो त्याच क्षणी कुठेतरी तेवढी वीज तयार व्हावी लागते. हा मेळ बसला की नाही ते फ्रिक्वेन्सीवरून कळते. आपल्या देशात ती ५० हर्ट्झच्या आसपास राखावी लागते. मोठ्या वाहिन्यांवर भार पेलवला नाही की काय होते ते देशाने ३० आणि ३१ जुलै २०१२ला पाहिले. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारत एकाच वेळी अंधारात गेला, सुमारे ६० कोटी लोकांच्या घरची वीज गेली.

मोठ्या वाहिन्यांवर नजर ठेवायला यंत्रणा असते. पण गल्लीतल्या डीपीपासून आपल्या घरापर्यंतचा शेवटचा तुकडा वीज कंपनीला जवळजवळ दिसतच नाही. शंभर घरांसाठी बसवलेल्या डीपीवर दीडशे घरे आणि वीस एसी आले, हे तिला कधी कळते? डीपी जळाल्यावर! मग आपण फोन करायचे, लाइनमनने शिडी घेऊन खांबामागून खांब तपासायचे, आणि फ्रिजमधले दूध नासायचे.

स्मार्ट मीटर दर अर्ध्या तासाचा वापर मोबाइलच्या किंवा रेडिओच्या जाळ्यातून आपोआप कळवतो. वीज गेली की जाता जाता शेवटचा एक संदेशही धाडू शकतो. त्यावरून कुठल्या खांबापुढे अंधार आहे ते कार्यालयात बसून कळू शकते. डीपीवरही असाच मीटर बसवला की तिथून निघालेले युनिट आणि घराघरांत मोजलेले युनिट यांची वजाबाकी करता येते. फरक मोठा आला तर एक तर तारा जुन्या आहेत, नाही तर कोणी आकडा टाकला आहे. आकड्याची वीज फुकट असते असे ज्यांना वाटते त्यांना सांगायला हवे की ती कंपनीच्या तोट्यात धरली जाते, आणि त्यातला बराच भाग दरवाढ होऊन इमानदारीने बिल भरणाऱ्याच्याच खिशातून जातो. केंद्राने २०२१ मध्ये वितरण सुधारणेची योजना आणली, तिचे एक उद्दिष्ट अशी गळती १२ ते १५ टक्क्यांवर आणण्याचे होते. इटलीने हे काम २००१ ते २००६ या काळातच केले. तिथल्या मुख्य वीज कंपनीने सुमारे ३ कोटी मीटर बदलले.

हा झाला कंपनीचा फायदा. घराला काय?

सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे वेळेप्रमाणे दर. दुपारी सौर वीज मुबलक असते, संध्याकाळी सूर्य मावळतो आणि नेमके तेव्हाच घरोघरी दिवे, टीव्ही, मिक्सर सुरू होतात. तेवढ्या तीन-चार तासांसाठी महागडी वीज आणावी लागते. म्हणून केंद्राने २०२३ मध्ये नियम बदलून उन्हाच्या वेळी स्वस्त व गर्दीच्या वेळी महाग दराचा मार्ग खुला केला. महाराष्ट्रात स्मार्ट टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत ठरली आहे. महिन्याला दिवसाचे ६० युनिट धरले तर ४८ रुपये. नोकरदार घराला यातून फारसे काही मिळणार नाही, कारण त्या वेळी आम्ही घरीच नसतो. पण आमच्या गल्लीत ज्या भगिनी दिवसभर शिलाईचे मशीन आणि इस्त्री चालवून घर चालवतात, त्यांच्यासाठी हा हिशेब वेगळा आहे. तासभर इस्त्री म्हणजे साधारण एक युनिट.

छतावर सौर पॅनेल बसवणाऱ्यांना तर वीज घेणारा आणि देणारा असे दोन्ही हिसाब ठेवणारा मीटर लागतोच. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटच्या पॅनेलला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे.

आता भीतीविषयी. "पैसे संपले की रात्री लाइट जाणार," असे आमच्या एका विद्यार्थ्याच्या वालिदांनी आम्हाला रस्त्यात थांबवून विचारले. जून २०२४ मध्ये राज्य शासनाने सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नसल्याचे जाहीर केले. टीओडी मीटरचे बिल नेहमीप्रमाणे वापरानंतरच येते. "मीटर पळतो" ही तक्रार मात्र हसण्यावारी नेऊ नये. २०२४च्या केंद्रीय नियमांप्रमाणे रीडिंगविषयी तक्रार केल्यास पाच दिवसांत पडताळणीसाठी दुसरा मीटर लावून तीन महिने वापर तपासून पाहायचा असतो. हे किती जणांना माहीत आहे? तक्रार लेखी द्यावी, पोच घ्यावी. आणखी एक शंका आम्हाला स्वतःला सतावते. दर अर्ध्या तासाच्या आकड्यांवरून घर कधी रिकामे असते तेही समजते. ही माहिती कोण पाहणार, किती दिवस ठेवणार, हे कंपनीने बिलाच्या मागे साध्या मराठीत छापायला हवे. सध्या तिथे जाहिरात असते.

आमच्या गल्लीत नवे मीटर अजून आलेले नाहीत. तोवर आठवीच्या मुलांना आम्ही घरचा मीटर सकाळ-संध्याकाळ वाचून वहीत लिहायला सांगितले आहे. पहिल्याच आठवड्यात एका मुलीने विचारले, "सर, रात्री सगळे झोपलेले असतात, तरी दोन युनिट कसे पडतात?" वर्गात बराच वाद झाला. शेवटी कळले, तिच्या घरच्या जुन्या फ्रिजच्या दाराचे रबर फाटले होते.