‘वास्प’ गलबताचा शेवट व त्याची साधनें

समुद्रांत नाहींशा झालेल्या गलबताचें दप्तर त्याबरोबरच बुडतें. मग त्याचा इतिहास कशावरून रचावयाचा? हें दाखविण्यासाठीं अमेरिकेच्या ‘वास्प’ या लहान जंगी गलबताची हकीकत आम्ही येथें देत आहों.

हें शिडाचें गलबत इ. स. १८१३ त मॅसॅच्युसेट्स प्रांतीं न्यूबरीपोर्ट येथें बांधलें गेलें. त्यावर २२ तोफा असून जॉन्स्टन ब्लेकली हा मुख्य होता. इंग्रजांशीं युद्ध चालू असतां ता. १ मे १८१४ रोजीं तें मोहिमेवर निघालें. ता. २८ जून रोजीं त्यानें सुमारें २० मिनिटांच्या लढाईंत ‘रेनडिअर’ हें इंग्रजी गलबत पाडाव केलें. पुढें फ्रान्सांतील लोरियां बंदरीं मुक्काम करून तें पुन्हां निघालें, व ता. १ सप्टेंबरच्या रात्रीं त्याच्या माऱ्यानें ‘एव्हन’ बुडालें. शत्रूचीं इतर गलबतें जवळ आल्यामुळें बुडालेलें गलबत कोणतें, हें ब्लेकलीस त्या वेळीं कळलें नाहीं. तें नांव आज प्रतिपक्षाच्या कागदांवरून कळतें.

ता. २१ सप्टेंबर रोजीं पकडलेलें ‘अटलांटा’ ब्लेकलीनें खलित्यांसह सव्हाना बंदरीं धाडलें; तें ता. ४ नोव्हेंबर रोजीं सुखरूप पोंचलें. ‘वास्प’ मात्र परतलें नाहीं. त्याची अखेरची खबर ‘अडोनिस’ या स्वीडिश गलबताकडून मिळते. ता. ९ ऑक्टोबर रोजीं दोहोंची भर समुद्रांत गांठ पडली, आणि ‘अडोनिस’वरील दोन अमेरिकन अधिकारी स्वदेशीं लवकर पोंचण्याच्या आशेनें ‘वास्प’वर चढले. त्यानंतर कोणाचाच मागमूस लागला नाहीं. तें तुफानांत सांपडलें असावें, हा केवळ तर्क होय.

येथें एक गोष्ट संशोधकांनीं ध्यानांत धरावी. ब्लेकलीस कप्तानाची बढती मिळाली ती ता. २४ नोव्हेंबर १८१४ ची. म्हणजे या अखेरच्या भेटीनंतर दीड महिन्याची. सनदेंत नांव आढळलें कीं तो पुरुष त्या तारखेस हयात होता, असें आपण सहज धरून चालतों. या बढतीवरून तसें मुळींच ठरत नाहीं. ती देणारांस त्याची खबर नव्हती, एवढेंच ठरतें.

सारांश, गलबताचा स्वतःचा कागद गेला. तरी शत्रूचे, पकडलेल्या गलबताबरोबर आलेले व वाटेंत भेटलेल्या तिऱ्हाइताचे कागद राहिले. म्हणून ज्यांचा आपल्या विषयाशीं संबंध दिसत नाहीं, असे कागदही संग्राहकांनीं टाकून देऊं नयेत, अशी आमची विनंति आहे.