रिपोर्ट हातात आल्यानंतर

मोतीबिंदू असो की हर्निया, शस्त्रक्रियेआधी रक्त तपासायला पाठवलं की त्यात एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी यांच्या जोडीला हिपॅटायटिस सीची तपासणी बहुतेक रुग्णालयांत होतेच. लॅबमध्ये ती जवळून पाहता येते. छोट्या प्लॅस्टिकच्या कार्डावर सिरमचा थेंब टाकतात, वर बफर सोडतात आणि ओल हळूहळू पट्टीवरून पुढे सरकते. 'सी'समोर रेघ आली म्हणजे कार्ड नीट चाललंय. 'टी'समोरही आली, मग ती कितीही पुसट असो, तर केस पेपरवर 'एचसीव्ही रिॲक्टिव्ह' असा शेरा पडतो.

त्यानंतर अनेक ठिकाणी काय होतं? रुग्णाचा नंबर शस्त्रक्रियेच्या यादीत शेवटी जातो, सगळे दुहेरी हातमोजे घालतात. खबरदारी हवीच. पण टाके निघून रुग्ण घरी जातो तेव्हाही त्या शेऱ्याचा अर्थ त्याला कुणी सांगितलेला नसतो. चाचणी कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी केली असली, तरी तिच्या निकालावर पहिला हक्क रुग्णाचा आहे.

मी पाहिलेल्या एका उपचार केंद्रात हा हक्क रोज जपला जातो. तिथल्या समुपदेशक बाई सकाळी आधी लॅबमध्ये जातात, रिॲक्टिव्ह रुग्णांची नावं वहीत उतरवतात आणि वॉर्डात जाऊन एकेकाला बाजूला घेऊन बोलतात. मोतीबिंदूसाठी आलेल्या साठीच्या एक काकू ऐकून हबकल्याच. "मला तर कधी कावीळ झाली नाही हो!"

"ही दिसत नाही, काकू. डोळे पिवळे न होता वीस-वीस वर्षं आतल्या आत लिव्हर खराब करते. कधी रक्त चढवलं होतं?"

धाकट्याच्या बाळंतपणात चढवलं होतं. 2001 पूर्वी आपल्याकडे दात्याच्या रक्ताची या विषाणूसाठी सक्तीने तपासणी होत नव्हती. काकूंचा पुढचा प्रश्न होता, ताट-वाटी वेगळी ठेवायची का. बाई ठाम होत्या : एकत्र जेवा, नातवंडांना जवळ घ्या. फक्त टूथब्रश, ब्लेड, नेलकटर यांसारखी रक्त लागू शकणारी वस्तू दुसऱ्याला देऊ नका.

कार्डावरची रेघ अँटिबॉडीची असते. शरीराने विषाणू स्वतःहून हटवला तरी ती बहुधा आयुष्यभर उमटत राहते. म्हणून दुसरी, व्हायरल लोडची चाचणी करावीच लागते. काकूंच्या रक्तात विषाणू सापडला. मग डॉक्टरांनी कॅल्क्युलेटर काढला. एसजीओटी 96, लॅबची कमाल मर्यादा 40, प्लेटलेट 1 लाख 20 हजार. 96 भागिले 40, गुणिले 100, भागिले 120 : उत्तर 2. या आकड्याला 'एप्री' म्हणतात. तो 2 किंवा अधिक असेल तर सिरोसिसची शंका घेतात. नेहमीच्या तपासण्यांतल्या दोन आकड्यांनी पुढचा सगळा मार्ग बदलला.

सिरोसिस नसेल तर सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर, काकूंसारख्यांना सोफोसबुविर आणि वेल्पाटासविर, 12 आठवडे. पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं 48 आठवड्यांपर्यंत घेऊनही सुमारे निम्मेच रुग्ण बरे होत. आता गोळ्यांनी शंभरातले पंचाण्णवच्या आसपास बरे होतात आणि 28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व औषधं मोफत मिळतात. बाटली देण्याआधी बाईंनी काकूंना पिशवीतली सगळी औषधं टेबलावर काढायला लावली. त्यात दुकानातून आणलेली ॲसिडिटीची गोळी होती. ती वेल्पाटासविरचं शोषण कमी करते, म्हणून डॉक्टरांना विचारून बंद केली.

खरी कसोटी औषध संपल्यावर लागते. शेवटच्या गोळीनंतर 12 आठवड्यांनी पुन्हा व्हायरल लोड करायचा असतो. तेव्हा विषाणू सापडला नाही तरच रुग्ण बरा झाला असं म्हणता येतं. पण बरं वाटणारा माणूस शेतातली कामं सोडून, एसटीचं भाडं भरून पुन्हा कशाला येईल? म्हणून बाईंच्या वहीत रुग्णाच्या नंबरापुढे मुलाचा किंवा शेजाऱ्याचाही नंबर असतो, आणि तारीख जवळ आली की फोन जातो. सिरोसिस असलेल्यांना तर विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीला यावं लागतं, कारण कॅन्सरचा धोका उरतो. शिवाय या आजारावर लस नाही आणि एकदा बरा झालेल्यालाही नव्याने लागण होऊ शकते.

औषध आहे, पैसे लागत नाहीत. कमी पडतो तो लॅबपासून उपचार केंद्रापर्यंत रुग्णाला नेणारा माणूस. प्रत्येक रुग्णालयाने हे काम कुणाच्या तरी नावावर लिहून द्यावं आणि रिॲक्टिव्ह रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर मराठीत तीन गोष्टी लिहाव्यात : निकाल काय आला, व्हायरल लोड कुठे होईल, फोन कुणाला करायचा. एवढं करायची तयारी नसेल, तर रुग्णाचं रक्त तपासून आपण केवळ स्वतःची काळजी घेतली, हे मान्य करावं लागेल.